रणगाडा निवृत्त झाल्यावर

लष्करातून निवृत्त होणाऱ्या रणगाड्यापुढे तीन वाटा असतात. पहिली भंगाराच्या लिलावाची. त्या वाटेने गेलेल्या रणगाड्याचे पोलाद भट्टीत वितळते आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. दुसरी वाट नेमबाजीच्या मैदानाकडे जाते. तिथे जुना रणगाडा नव्या रणगाड्यांच्या तोफांचे लक्ष्य म्हणून उभा राहतो आणि काही वर्षांत त्याची चाळण होते. तिसरी वाट संग्रहालयात, युद्धस्मारकात, महाविद्यालयाच्या आवारात किंवा शहरातल्या एखाद्या चौकात संपते. या वाटेने जाणारे रणगाडे थोडेच, पण सर्वसामान्य माणसाला आयुष्यात जवळून पाहायला मिळतात ते हेच. पट्ट्यांवर चालणारे, तोफ बसवलेले, चिलखती पोलादाचे हे यंत्र केवढे असते, आत चार माणसे किती दाटीवाटीने बसतात, याचा पहिला अंदाज मुलांना इथेच येतो.

अशा अनेक रणगाड्यांपुढचा फलक मात्र एखाद्या ओळीत आटोपतो. नाव, वजन आणि अमुक युद्धात वापरला गेल्याचा उल्लेख. तो कोणत्या कारखान्यात घडला, कोणत्या रेजिमेंटकडे होता, त्यात कोण बसत होते, त्याची तोफ मूळची की बदललेली, याबद्दल फलक गप्प असतो. जागा मिळते, इतिहास मिळत नाही. इतिहास नसला की आपुलकी उरत नाही आणि आपुलकी नसली की निगाही राखली जात नाही. रणगाड्याचा इतिहास शोधणे आणि त्याला घर देणे ही म्हणूनच वेगवेगळी कामे नाहीत.

रेजिमेंटमधून डेपोत

रणगाडा गोळा लागून बाद होतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा तो सुट्या भागांअभावी बाद होतो. चिलखत पन्नास वर्षे टिकते. इंजिन, गिअरबॉक्स, पट्ट्यांच्या कड्या, रबरी धावांची चाके आणि दुर्बिणींच्या काचा तेवढ्या टिकत नाहीत. मूळ कारखान्याने ते भाग बनवणे थांबवले की एका रणगाड्याचे अवयव काढून दुसरा चालवावा लागतो, आणि अखेर सगळा ताफाच मागे घेण्याची वेळ येते.

विजयंताचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळच्या आवडी येथील अवजड वाहन कारखान्यात हा रणगाडा बनू लागला आणि १९६५च्या डिसेंबरात पहिला विजयंता बाहेर पडला. पुढे सुमारे २,२०० विजयंता बनले. जवळपास ३९ टन वजन आणि १०५ मिलिमीटरची तोफ असलेला हा रणगाडा १९७१च्या युद्धात होता. टी-७२ आल्यावर तो हळूहळू मागे पडला आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सेवेतून गेला. त्याचे सगळेच सांगाडे वाया गेले नाहीत. काहींवर रशियन बनावटीची १३० मिलिमीटरची तोफ चढवून ‘कॅटापल्ट’ ही स्वयंचलित तोफ तयार झाली, तर विजयंताच्याच सांगाड्यावर ‘कार्तिक’ हा पूल टाकणारा रणगाडा उभा राहिला. त्यामुळे बुरूज नसलेला विजयंताचा सांगाडा दिसला तर तो मोडका समजून चालत नाही. त्याची दुसरी नोकरीही झालेली असू शकते.

रणगाड्यांच्या साठवणुकीचे आणि वाटपाचे मोठे केंद्र महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या खडकीत आहे. सेंट्रल एएफव्ही डेपो हे त्याचे नाव. मोठ्या दुरुस्त्या करणारे ५१२ आर्मी बेस वर्कशॉपही खडकीतच आहे. बाद ठरवलेल्या रणगाड्यातून उपयोगी भाग काढून घेतले जातात. एखाद्या संस्थेला तो प्रदर्शनासाठी द्यायचा असेल तर आधी तो निःशस्त्र केला जातो. दारूगोळा, रेडिओ आणि दुर्बिणी निघतात, टाक्यांतले इंधन व तेल उपसले जाते, तोफेच्या मागच्या यंत्रणेतला महत्त्वाचा भाग काढला जातो आणि बुरजावरची झाकणे बहुधा वेल्डिंगने कायमची बंद होतात. त्यामागे मुलांच्या सुरक्षिततेचाही विचार असतो.

याच टप्प्यावर एक गोष्ट हातातून निसटते. रणगाडा सेवेत असताना त्याच्यासोबत कागद असतात. तो किती किलोमीटर चालला, इंजिन कधी बदलले, तोफेच्या नळीतून किती गोळे सुटले याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, कारण नळीची झीज त्यावरूनच कळते. रणगाडा ट्रेलरवर चढतो, कागद मागे राहतात. ताबा घेणाऱ्या संस्थेने त्याच दिवशी या नोंदींची प्रत, निदान सांगाड्याचा, इंजिनाचा व तोफेचा क्रमांक आणि शेवटच्या रेजिमेंटचे नाव लेखी मागून घेतले, तर पुढचे निम्मे संशोधन वाचते.

रणगाडा ओळखायचा कसा

कागद नसतील तर रणगाड्यालाच विचारावे लागते. सुरुवात चाकांपासून करतात. टी-५४ आणि टी-५५ या सोव्हिएत जोडीला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके असतात, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकामधली फट इतरांपेक्षा रुंद असते. पट्टा वरून थेट चाकांवर टेकतो, त्याला आधार देणारी छोटी चाके नसतात. विजयंताला प्रत्येक बाजूला सहा चाके असतात. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन शर्मन त्याच्या उंच देहावरून आणि बहुतेक नमुन्यांत दोन-दोनच्या जोडीने बसवलेल्या चाकांवरून ओळखू येतो.

टी-५४ आणि टी-५५ यांच्यात फरक करायचा तर बुरजाच्या छतावर पाहावे. टी-५४च्या छतावर पुढच्या बाजूला उजवीकडे हवा खेळती ठेवण्यासाठी घुमटीसारखा उंचवटा असतो, टी-५५वर तो नसतो. हा फरक बारीकसारीक वाटतो, पण महत्त्वाचा आहे, कारण पाकिस्तानकडे टी-५९ हे चिनी रणगाडे होते आणि ते टी-५४चीच आवृत्ती. १९७१च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या वाळूत अडकले आणि पेटले ते हेच टी-५९. म्हणजे एकाच घराण्यातले रणगाडे सीमेच्या दोन्ही बाजूंना होते. चौथऱ्यावर उभा आहे तो आपल्या रेजिमेंटने वापरलेला की शत्रूकडून जिंकलेला, हे लांबून सांगता येत नाही. आतल्या धातूच्या पट्ट्यांवरची लिपी रशियन की चिनी, हे पाहिले की उलगडा होऊ शकतो.

तोफेची नळीही बरेच काही सांगते. गोळा सुटल्यावर बुरजात धूर भरू नये म्हणून नळीवर एक जाडसर फुगवटा असतो, तो धूर बाहेर ओढून घेतो. टी-५५ची मूळ १०० मिलिमीटरची तोफ असेल तर हा फुगवटा नळीच्या अगदी टोकाशी असतो. भारताने पुढे अनेक टी-५५ रणगाड्यांवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. त्या तोफेचा फुगवटा नळीच्या मध्याच्या आसपास असतो. म्हणून एखाद्या टी-५५च्या फलकावर ‘याच तोफेने १९७१मध्ये शत्रूचे रणगाडे उडवले’ असे लिहिले असेल, तर आधी फुगवटा कुठे आहे ते बघावे. तो नळीच्या मध्यावर असेल तर रणगाडा युद्धात असू शकेल, पण ही तोफ नंतर आलेली आहे. साधी नजर एवढे सांगू शकते.

यापुढचे काम चिकाटीचे. बुरूज ओतीव पोलादाचा असेल तर त्यावर ओतकाम करणाऱ्या कारखान्याची उठावाची अक्षरे व आकडे सापडतात. सांगाड्यावर क्रमांक कोरलेला असतो. रंगाचे थर हलक्या हाताने एकेक काढले तर हिरव्याखाली वाळूचा रंग, त्याखाली जुना नोंदणी क्रमांक आणि कधी रेजिमेंटची खूणही निघते. पॅच वेल्ड करून बुजवलेले भोक हे दुरुस्त केलेल्या जखमेचे चिन्ह असते. हे सगळे रेजिमेंटच्या इतिहासाशी, युद्धातील दैनंदिन नोंदींशी आणि निवृत्त सैनिकांच्या आठवणींशी ताडून पाहावे लागते.

अशा ताडून पाहण्यातून प्रस्थापित माहितीही बदलते. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयात ‘टायगर १३१’ हा जर्मन रणगाडा आहे. १९४३च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती लागला. तो नेमका कुठे पडला याची एक हकिकत कित्येक दशके प्रमाण मानली जात होती. पुढे एका माजी सैनिकाच्या मुलाने वडिलांच्या आठवणींचा धागा धरून नोंदी तपासल्या आणि लढाईची जागाच वेगळी निघाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रणगाड्यांपैकी एकाबाबत हे घडू शकते, तर आपल्या चौकातल्या रणगाड्याचा फलक पुन्हा तपासायला कोणी संकोचू नये.

नावानिशी उरलेला रणगाडा

इतिहास पूर्ण माहीत असलेला रणगाडा कसा असतो, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन रणगाडा ‘फामागुस्टा’, क्रमांक जेएक्स २०२, अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.

खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०चा. त्यांची रेजिमेंट १७ पूना हॉर्स. १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून उभ्या राहिलेल्या घोडदळाशी या रेजिमेंटची परंपरा जोडलेली आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतर नदीच्या लढाईत पाकिस्तानी रणगाड्यांचे हल्ल्यांमागून हल्ले येत होते. फामागुस्टाला गोळा लागून आग लागली, तेव्हा खेत्रपाल यांना बाहेर पडण्याचा आदेश मिळाला. तोफ अजून चालते आहे, तोवर रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी रेडिओवर कळवले आणि लढत राहिले. पुढच्या गोळ्याने त्यांचा अंत झाला. एकविसाव्या वर्षी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रणगाडा पाकिस्तानच्या हाती गेला होता, तो नंतर परत आला आणि दुरुस्त करून ठेवण्यात आला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे संचलन मैदान खेत्रपाल यांच्या नावाने ओळखले जाते.

त्याच बनावटीचे आणखी कितीतरी सेंच्युरियन भारताकडे होते. पोलाद तेच, तोफ तीच. फामागुस्टाचे वेगळेपण एवढेच की त्याचे नाव, क्रमांक, तारीख, लढाई आणि आत बसलेली माणसे एकमेकांपासून तुटली नाहीत.

अहिल्यानगर: रणगाड्यांचे घर

अहिल्यानगर, म्हणजे २०२४पर्यंतचे अहमदनगर, आणि रणगाडे यांचे नाते १९२०च्या दशकापासूनचे आहे. ब्रिटिशांच्या रॉयल टँक कोअरची प्रशिक्षण शाळा इथे आली. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण शाखा एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. पायदळाला चिलखती वाहनांतून नेणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्रही याच शहरात आहे. संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा इथेच आहे, आणि शहराबाहेर खारे-कर्जुने परिसरात तोफांच्या सरावाचे मैदान आहे. घडण, शिक्षण, सराव आणि निवृत्ती, या सगळ्या टप्प्यांचे रणगाडे एका शहराच्या परिघात सापडतात.

फेब्रुवारी १९९४मध्ये इथे कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू झाले. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पन्नासच्या आसपास जुनी चिलखती वाहने तिथे आहेत. रोल्स-रॉइसच्या मोटारीवर चिलखत चढवून केलेली गाडी त्यांत सर्वांत जुनी. ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, अमेरिकन स्टुअर्ट आणि पॅटन, जपानी हा-गो आणि ची-हा असे दोन महायुद्धांच्या व भारताच्या युद्धांच्या काळातले रणगाडे इथे उघड्या जागेत मांडलेले आहेत.

भारतीय युद्धांचा इतिहास माहीत असला तर ही रांग नुसती रांग राहत नाही. स्टुअर्टपाशी झोजिला आठवते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीत अचानक उगवले आणि लडाखची वाट मोकळी झाली. तिथवर नेताना वाटेतल्या कमकुवत पुलांसाठी आणि गुप्ततेसाठी त्यांचे बुरूज उतरवून वेगळे न्यावे लागले होते. पॅटनपाशी सप्टेंबर १९६५मधले असल उत्तर आठवते. तिथे उसाच्या शेतांत आणि कालव्याच्या पाण्याने झालेल्या चिखलात पाकिस्तानी पॅटनचा मोठा ताफा अडकला आणि जिंकलेले रणगाडे विजयचिन्ह म्हणून देशभर पोहोचले. त्या लढाईत डेक्कन हॉर्सचे शर्मन, आठव्या लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ आणि तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन लढले, तर अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन टिपले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. शॅफी आणि पीटी-७६ हे दोन हलके रणगाडे १९७१च्या नोव्हेंबरात बांगलादेशच्या गरीबपूर इथे समोरासमोर होते, शॅफी पाकिस्तानकडे आणि पाण्यावर तरंगणारा पीटी-७६ भारताकडे.

अहिल्यानगरच्या संग्रहाला आणखी दोन गोष्टींचा फायदा मिळतो. रणगाड्याची यंत्रणा जाणणारे सैनिक शेजारीच आहेत. आणि शहर पर्जन्यछायेत आहे, वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. लोखंडाला हे हवामान मानवते.

छत्तीस टनांचा प्रवास

आता असाच एखादा निवृत्त टी-५५ कोकणपट्टीत न्यायचा आहे असे समजू. वरसावे हे ठिकाण त्यासाठी घेण्याजोगे आहे. मिरा-भाईंदरच्या हद्दीतल्या या नाक्यावर ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग एकत्र येतात आणि पुढे वसई खाडीवरचे पूल लागतात. जवळच घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, १७३७मध्ये मराठ्यांनी घेतला. ज्या खाडीकाठी एके काळी अरबी घोडी उतरत असे सांगतात, तिथे घोडदळाच्या वारसदारांचा रणगाडा ठेवावा, ही कल्पना कोणालाही भावेल.

टी-५५चे वजन ३६ टन, रुंदी सव्वातीन मीटरहून थोडी जास्त, तोफेसकट लांबी सुमारे ९ मीटर. नेहमीच्या मालट्रकच्या रुंदीत तो मावत नाही. खडकीहून त्याला लोबेड ट्रेलरवर यावे लागते. जादा रुंदीच्या मालाची परवानगी, बोरघाटाचा उतार, ठाण्यात अवजड वाहनांना असलेली वेळेची बंधने, मग गायमुखचा घाट, असा हा मार्ग. ट्रेलरचे आणि रणगाड्याचे वजन मिळून प्रत्येक पुलाची क्षमता पाहावी लागते. वरसाव्याच्या रहिवाशांना ही गोष्ट वेगळी समजावण्याची गरज नाही. खाडीवरच्या जुन्या पुलाच्या दुरुस्तीपायी अवजड वाहने बंद होऊन नाक्यावर तासन् तास खोळंबा झालेला त्यांनी पुन:पुन्हा अनुभवला आहे. २०२३मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला तेव्हा तो ताण कमी झाला. रणगाडा खाडीपलीकडे वसई-पालघरला न्यायचा असेल तर हाच पूल ओलांडावा लागेल.

उतरवण्यासाठी मोठी क्रेन लागते, आणि तारेचे दोर रणगाड्याच्या ठरावीक कड्यांनाच अडकवावे लागतात. चौथऱ्याबद्दल एक गैरसमज आढळतो. पट्ट्यांमुळे वजन पसरते, टी-५५चा जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षाही कमी असतो. म्हणून चौथरा अवाढव्य असण्याची गरज नसते. तो सगळीकडे सारखा पक्का मात्र असावा लागतो, कारण एक बाजू खचली की पट्टा आणि चाके वाकडी होतात. सांगाड्याखाली भक्कम ठोकळे देऊन चाकांवरचा भार थोडा हलका केला तर रबरी धावा चपट्या होत नाहीत.

गंजाशी रोजची लढाई

ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वरसाव्याला खाडीची खारी हवा आहेच. जाड चिलखताला पावसाने लगेच काही होत नाही, खरा धोका पातळ पत्र्यांना आणि आत साचणाऱ्या पाण्याला असतो. टी-५५च्या मागच्या बाजूला इंजिनाच्या वर हवेसाठी जाळ्या असतात. तिथून पाणी, पालापाचोळा आणि माती आत जाते. पाणी तळाशी साचते आणि रणगाडा आतून कुजतो. बाहेरून वर्षाला एक हात रंग लागतो, त्यामुळे वरून तो टवटवीत दिसत राहतो. एक दिवस चिखलपत्र्याला हात लावला की तो निखळतो.

यावर उपाय साधे आहेत. तळाची बुचे काढून पाण्याला वाट करून द्यायची. तोफेचे तोंड आणि जाळ्या बंद करायच्या, पण आतली हवा खेळती ठेवायची. ताडपत्रीने गुंडाळू नये, तिच्याखाली ओल अडकते. रंग देण्याआधी गंज खरवडून जस्ताचा प्राइमर द्यायचा. पट्ट्यांच्या प्रत्येक बाजूला नव्वदच्या आसपास कड्या असतात, त्यांच्या खिळींना तेल द्यायचे. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे डोक्यावर छप्पर. आणि रंग देण्याआधी जुन्या क्रमांकांची, खुणांची छायाचित्रे घ्यायची, कारण रंगाऱ्याचा एक हात इतिहासाचा एक थर कायमचा झाकू शकतो.

दिलेल्या भेटी आणि मोडलेली जहाजे

घर मिळाले म्हणजे रणगाडा वाचला असे नाही. पहिल्या महायुद्धात युद्धकर्जासाठी पैसा जमवून देणाऱ्या ब्रिटिश शहरांना १९१९च्या सुमारास अडीचशेहून अधिक रणगाडे भेट म्हणून दिले गेले. बागांत, चौकांत ते थाटात उभे राहिले. पुढे ते गंजले, लोकांना अडचणीचे वाटू लागले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जवळजवळ सगळे भंगारात गेले. केंट परगण्यातल्या ॲशफर्डचा एक उरला. त्याच्या आतले इंजिन काढून तिथे विजेचे उपकेंद्र बसवले होते, म्हणून तो हलवता आला नाही. याच काळात बोव्हिंग्टनच्या छावणीत जुने रणगाडे कुंपणात पडून होते. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग १९२३मध्ये तिथे गेले आणि यांचे संग्रहालय करा असे त्यांनी सुचवले. शहरांनी घेतलेले गेले, ज्यांची जबाबदारी कोणीतरी घेतली ते राहिले.

मुंबईने हा धडा समुद्रात गिरवला. १९७१ गाजवलेली विमानवाहू नौका विक्रांत निवृत्तीनंतर काही वर्षे संग्रहालय म्हणून खुली होती. देखभालीचा खर्च झेपेना, २०१२मध्ये ती असुरक्षित ठरवून बंद झाली, २०१४मध्ये दारूखान्यात मोडली गेली. आता तिच्या पोलादाचे स्मारक तेवढे उरले आहे. कल्याणला दुर्गाडीजवळ १९९८ ते २०२१ अशी सेवा बजावलेली टी-८० ही नौदलाची छोटी युद्धनौका आली आहे. तिचे यश उद्घाटनाच्या दिवशी ठरणार नाही. पंधराव्या पावसाळ्यानंतर ती कशी दिसते, यावर ठरेल.

वरसाव्यात ठेवायचा झाला तर

वरसाव्यात मोकळी जागा मुळात कमी. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटी, मध्ये महामार्ग, आणि किल्ला संरक्षित. त्यामुळे जागा ठरवताना वाहतुकीच्या बेटापेक्षा शाळेचे किंवा महाविद्यालयाचे आवार बरे. तिथे पाहणारे असतात आणि दारही बंद करता येते.

स्थानिक नाते जोडायला फार लांब जावे लागत नाही. याच महामार्गाने पुढे पालघर जिल्ह्यातले तारापूर आहे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्जोरजी तारापोर यांच्या घराण्याचे नाव या गावावरून आले आणि त्यांचे पूर्वज शिवछत्रपतींच्या सेवेत होते असे सांगितले जाते. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले तारापोर १९६५मध्ये पूना हॉर्सचे प्रमुख होते. फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबरला बुतूर-डोग्रांदी इथे त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या स्मृतीला वाहिलेला रणगाडा इथे शोभेल. त्यांचा रणगाडा सेंच्युरियन होता. त्याऐवजी विजयंता किंवा टी-५५ मिळाला तर फलकावर तसे स्पष्ट लिहायला हवे. खोटी ओळख देऊन कोणाचाही सन्मान होत नाही.

महापालिका, शाळा, माजी सैनिकांच्या संघटना, जे कोणी निवृत्त रणगाड्याची मागणी करत असतील त्यांना एवढीच विनंती. मागणीच्या अर्जाबरोबर तीन कागद तयार ठेवा. पहिल्यावर रणगाड्याचे सर्व क्रमांक आणि त्याच्या रेजिमेंटचा पत्ता. दुसऱ्यावर दरवर्षीच्या देखभालीची अंदाजपत्रकातली तरतूद, छपरासकट. तिसऱ्यावर ती देखभाल करणाऱ्या माणसाचे नाव आणि हुद्दा, ‘संबंधित विभाग’ नव्हे. हे तीन कागद होत नसतील तर रणगाडा मागू नका, खडकीतच राहू द्या. होत असतील तर जरूर आणा, आणि फलक लिहिताना आत बसलेल्या चार माणसांसाठी जागा सोडा.